आतून धरलेलं दार

१

ज्या कुणी या दाराची आतली मूठ काढून टाकली, त्याला मी माणूस म्हणायला तयार नाही. मूठ मोडली नव्हती, झिजून पडली नव्हती. कुणीतरी शांतपणे पेचकस घेऊन ती उतरवली होती, तिच्या जागेचं भोक बुजवलं होतं, आणि वरून जांभळी मखमल अशी ताणून बसवली होती की हात फिरवल्याशिवाय कळूच नये. आत बसणारीनं कधी उतरायचं हे तिनं ठरवायचं नाही, एवढ्यासाठी ही सगळी कारागिरी. ज्यानं सांगितलं तो, ज्यानं केलं तो, आणि जे बघत उभे राहिले ते, सगळे सारखेच गुन्हेगार.

हे मी तावातावानं बोलत होतो तेव्हा माझ्या बहिणीचे यजमान, बन्सीधर दाजी, आमच्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

"मेव्हणे," ते म्हणाले, "भाषण झालं असंल तर दार उघडा."

दार उघडत नव्हतं.

२

मोटार जुनी विलायती, काळी, लांबलचक. गंगाखेडच्या पलीकडे एका देशमुखी गढीत ती छपराखाली उभी होती. जहागिरी गेल्या, मराठवाडा मुंबई राज्यात आला, गढीतली माणसं हैदराबाद-पुण्याला पांगली, आणि मागे राहिले कारभारी किशनराव आणि ही मोटार. ती मला मिरवायला नको होती. पाथरीच्या अलीकडच्या आमच्या कच्च्या रस्त्यावरून अडलेली बाई परभणीच्या दवाखान्याला बैलगाडीतून निघते आणि पोचते तेव्हा उशीर झालेला असतो, हे मला थांबवायचं होतं. उस्मानियात विज्ञान शिकलो ते काय कचेरीत बसून आवक-जावक टपालाची बारनिशी करायला?

खरं सांगायचं तर 'अडलेली बाई' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर एकच बाई असायची. कमल, माझी धाकटी बहीण. मागल्या खेपेला तिला असंच बैलगाडीतून नेलं होतं. सोबत म्हातारी सासू, ती पेंगलेली. गाडीवान भला माणूस. इतका भला की बाई कळा देतेय म्हणून त्यानं सबंध वाटेत मागे वळून पाहिलं नाही. बाईकडे बघायचं नसतं. मानवतच्या पुढे कमलची शुद्ध हरपली, तिनं आधी हाक मारली असेल तर ती चाकांच्या आवाजात बुडाली, आणि गाडीवान अदबीनं तोंड फिरवून बैल हाकत राहिला. मुलगा होता. नीट वाढलेला, सगळी नखं आलेला. मी त्याला हातात घेतला तेव्हा तो गार होता.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की आयुष्यात कुठल्याही बाबतीत मी तोंड फिरवणार नाही.

आता कमलला पुन्हा दिवस भरत आले होते, आणि ती माहेरी आमच्याकडे होती. या वेळी तिला मोटारीतून न्यायचं, मागच्या सीटवर आडवं झोपवून. त्यासाठी मागचं दार हवं. मागे दारं दोन होती, पण रस्त्याच्या बाजूचं उजवं दार रिबिटं मारून कायमचं बंद केलेलं. पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये छतापर्यंत लाकडी फळी. म्हणजे मागे जायला-यायला एकच वाट, डावं दार.

गढीत मोटार ताब्यात घेताना मी किशनरावांना म्हणालो, "हे दार उघडून दाखवा."

ते दाराजवळ गेले, थांबले, खाकरले. मग तोंड दुसरीकडे करून, मागे हात नेऊन, पाठमोऱ्यानं मूठ दाबली. दार उघडलं.

"हे काय?" मी विचारलं.

"सवय हाय साहेब," ते ओशाळून म्हणाले. "आमच्याकडं बायामानसं गोषात. मोटर ओट्याला लागली की चादर आडवी धरायची, गडीमानसांनी तोंड फिरवायचं, मंग दार उघडायचं. जनम गेला त्यात."

"आता तर आत कुणी नाही ना?"

"न्हाई," ते म्हणाले. पण तोंड त्यांनी त्याच बाजूला ठेवलं होतं.

मला त्यांची कीव आली. गुलामी हाडात मुरते ती अशी, असं मी वाटभर स्वतःशी म्हणत आलो.

३

दुरुस्ती मी घरीच, अंगणात करायला घेतली. बिघाड शोधण्याची एक रीत असते. आधी बाहेरून बघायचं, मग उघडायचं, मग एकेक भाग बाजूला करत जायचं. जो उरेल तो चोर.

बाहेरची मूठ ठीक होती. दाबली की खाली जायची. आत सळई सरकल्याचा आवाज यायचा. पण दार तसूभर हलायचं नाही. कधी सकाळी एका हिसक्यात उघडायचं आणि मला वाटायचं, झालं. दुपारी पुन्हा बसलेलं. अशाच एका उघड्या वेळी मी मधे विटा लावल्या आणि आतल्या बाजूची मखमल सोडवली. मखमलीखाली पातळ फळी, फळीखाली दाराची पोकळी. तळाशी सुपारीची खांडं, हिरव्या काचेचे तुकडे, एक सुकलेला गजरा की नुसताच दोरा, ओळखू येईना. खिडकीच्या फटीतून असं काहीबाही पडतंच.

खटका बघितला. दात शाबूत, स्प्रिंग शाबूत. खाच सरळ. राकेलनं धुतलं, वंगण दिलं. सगळं नीट चालत होतं.

एकच गोष्ट मला अडली. आतली मूठ जिथं बसायची, तो लोखंडाचा बोटभर तुकडा तसाच शिल्लक होता. मूठ काढून, फळी लावून, वर मखमल ताणून किती वर्षं झाली असतील कोण जाणे. आजूबाजूचं सगळं लोखंड तांबूस गंजलेलं. तो तुकडा मात्र चकचकीत होता. आपल्या घराच्या दाराची जुनी कडी रोजच्या हातानं जशी गुळगुळीत होते, तसा.

मी तो दाजींना दाखवला.

"वंगणानं चमकत असंल," ते म्हणाले.

"वंगण अजून तिथं लावलंच नाही."

"मंग नका लावू. हाय की चमकत."

शेजारच्या कासाबाई कुडाच्या पलीकडून बघत होत्या. त्यांचं घर मेंढ्या-शेळ्यांचं. घरची माणसं कळप घेऊन गोदाकाठी गेली की उन्हाळाभर त्या एकट्याच दोन-चार शेळ्या राखत असायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी विचारल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही.

"चंद्रभान," त्या मला म्हणाल्या, "मोटरीला पानी पाजलंस का बाबा? मुकं जनावर रुसतंय असं."

दाजी खो खो हसले. मी त्या लोखंडाच्या तुकड्यावर नवी मूठ बसवली, चांगली पितळी, आणि पेच आवळले. आता आत बसणारीला स्वतःच्या हातानं उतरता येणार होतं. मला फार बरं वाटलं. मी विटा काढल्या आणि दार लावलं.

मग ते पुन्हा उघडेना.

४

या वेळी मी मूठ दाबून धरली आणि लक्ष नुसतं हातात ठेवून दार ओढलं. अडकलेलं दार कसं अडकतं हे हाताला कळतं. गंज असेल तर ते एकदम आडमुठं असतं. लाकूड फुगलं असेल तर एका कोपऱ्यात धरतं. स्प्रिंग असेल तर सारख्या जोरानं मागे खेचते.

हे दार ओढत होतं, मग जरा सैल पडत होतं, मग पुन्हा ओढत होतं.

स्प्रिंगला दम लागत नाही.

मी हात काढला. ऊन कडक होतं, पत्रा भाजत होता. उन्हानं धातू प्रसरण पावतो, सावलीत आकसतो. ढगाची सावली आली-गेली की ताण कमीजास्त होणारच. हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. आभाळात ढग नव्हता, हे मला नंतर सुचलं.

"मेव्हणे, संस्थान शरण आलं," दाजी ओट्यावरून म्हणाले, "पर हे दार काय यायला तयार न्हाई. पोलीस ॲक्शन करा."

मी चिडून हातपाय धुवायला रांजणाकडे गेलो. दाजी पान आणायला निघाले. मी तोंडावर पाणी मारत असताना मागून कमलचा आवाज आला.

"दादा, उघडं तर हाय की."

मी वळलो. ती पोटाखाली हात धरून मोटारीजवळ उभी होती आणि दार सताड उघडं होतं.

"काय केलंस?"

"काय बी न्हाई. बोट लावलं."

"पुन्हा लाव बरं. बंद कर आणि उघड."

तिनं बंद केलं. मी शेजारी उभा राहून बघत होतो. तिनं मूठ दाबली, ओढली, जोर लावला. दार हललं नाही. मी आईला बोलावलं. आईच्यानंही होईना.

"सकाळी म्या गोधडी ठेवली आत, तवा तर लगेच उघडलं," आई म्हणाली. "तू निजला व्हतास."

म्हणजे मी नसताना उघडतं. मी मनात वही उघडली: कोण, कुठे उभं, किती जोर. बायका मूठ जरा खालून धरतात, त्यामुळे सळई वेगळ्या कोनात जाते. मी बघत असलो की त्या घाबरून वरून धरतात. हे पटण्यासारखं होतं. मी स्वतःला दोनदा समजावलं, आणि ज्या गोष्टीला दोनदा समजवावं लागतं ती आपल्याला पटलेली नसते हेही मला ठाऊक होतं.

आणखी एक. मोटार मागच्या डाव्या बाजूला थोडी बसकी होती. मी कमानपाटे तपासले, एक पाटा बदलला, चाकात हवा भरली. तरी ती बाजू खाली होती. रिकामी बैलगाडी आणि माणूस बसलेली बैलगाडी लांबून बघून ओळखू येते, तेवढीच.

हे मी कुणाला सांगितलं नाही. कमलला तर नाहीच. ती संध्याकाळी ओट्यावर बसून मोटारीकडे बघायची आणि म्हणायची, "या येळेला होईल ना रं नीट, दादा?" मी म्हणायचो, "मी आहे ना."

५

शेवटी मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. आई आत गोधडी बदलायला गेली, दार उघडं सापडलं, आणि मी धावत येऊन मधे पहार घातली. मग अख्खा खटकाच उपसून काढला. खटका, स्प्रिंग, सळई, सगळं. एका परातीत राकेल ओतून त्यात बुडवून ओट्यावर ठेवलं. दारात आता काही नव्हतंच. नुसता पत्रा, दोन बिजागऱ्या, आणि जिथं खटका होता तिथं हात जाईल एवढं भोक. दार लावायचं तर दोरीनं बांधायचं. कमलला नेताना दोरी बांधू, पोचलो की सोडू. जो भाग नाहीच तो बिघडणार कसा?

"आता बोला," मी दाजींना म्हणालो.

"बोलायला काय ठेवलंव तुमी? मोटरीचं आतडंच काढलंत."

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकत असताना कमलनं ताट सरकवलं आणि भिंतीला हात लावला. आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती उठली. "चंद्रभान, काढ मोटर."

गावात अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. मी हँडल मारून इंजिन सुरू करेपर्यंत अंगण भरलं. नांगर सोडून आलेली माणसं, पारावरची माणसं; सगळ्यांना मोटार बघायची होती. दाजींचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांची थट्टा बंद झाली होती, आणि त्यामुळेच मला पहिल्यांदा भीती वाटली.

दार लागलेलं होतं. दोरी सुटून खाली लोंबत होती.

मी ओढलं. ते उघडलं नाही.

मी भोकाकडे बघितलं, जिथं खटका नव्हता. मग ओट्यावरच्या परातीकडे, जिथं तो होता. खटका राकेलमध्ये स्वस्थ पडलेला. दाजींनी आणि मी मिळून पाय रोवून ओढलं. दार खेचलं जात होतं, सैल पडत होतं, पुन्हा खेचलं जात होतं. आता त्यात घाई होती. बाहेर माणसं वाढली तशी आतली ओढ वाढत होती.

"बिजागऱ्या धरल्यात," मी ओरडलो. "पहार आणा!"

"पुढं बसवू का तिला?" दाजी म्हणाले.

"बसवून नेलं होतं ना मागल्या वेळी? आडवीच न्यायची!"

घरातून कमलचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. दात आवळून धरलेला एक लांब हुंकार. मी तो मागल्या खेपेला ऐकला नव्हता, कारण मी तिथं नव्हतो. पण मला तो ओळखू आला.

६

आई घराच्या दारात आली. तिनं अंगणातली गर्दी बघितली आणि तिचा आवाज चढला.

"अरे, लाजा हायेत का? लेकरू भिजलंय माझं. इतक्या गड्यांमधून नेऊ का तिला? कासाबाई, चादर धरा!"

कमलच्या कपड्यांची अवस्था बघता हे साधं, रास्त बोलणं होतं. त्यात दुसरं काही नव्हतं. कासाबाई कुड ओलांडून आल्या. आईनं पलंगावरची चादर फेकली. तिचं एक टोक ओट्याच्या खांबाला, खुंटीला अडकवलं, दुसरं टोक कासाबाईंनी मोटारीच्या दाराशी उभं राहून हात उंच करून धरलं. दारापासून ओट्यापर्यंत एक आडोसा झाला.

"वळा सगळे!" आई म्हणाली.

अंगणातले सगळे वळले. दाजीही वळले. मी पहार घेऊन तसाच उभा राहिलो.

"चंद्रभान, तुला येगळं सांगू का?"

"आई, दार उघडायचंय! मी तोंड फिरवून—"

"दादा, वळ ना रं." हे कमल म्हणाली, घरातून, श्वास घेत घेत. "तुझ्या पाया पडते."

मी वळलो.

ऊन माझ्या पाठीवर होतं. समोर कुसवाची पांढरी भिंत, आणि भिंतीवर चादरीची सावली. सावलीच्या खाली, चादर जमिनीला टेकत नव्हती तिथं, उजेडाची एक बारीक पट्टी होती. मी त्या पट्टीकडे बघत उभा राहिलो, कारण दुसरीकडे बघायला काही नव्हतं.

माझ्या मागे मोटारीचा डावा कमानपाटा करकरला. वजन उतरल्यावर करकरतो तसा. चढल्यावरचा आवाज वेगळा असतो, दबलेला. हा मोकळा होता.

मग पट्टीतून काहीतरी काळं सरकलं. एक पाऊल, मग दुसरं. फार सावकाश, खूप वेळ बसून उठलेलं माणूस टाकतं तशी पावलं. ती मोटारीकडून घराकडे चालली होती.

मी वाट बघत होतो ती घराकडून मोटारीकडे येणाऱ्या पावलांची.

कासाबाई हळू आवाजात कुणाशी तरी काही बोलल्या. कासाबाईंचीच पावलं असतील, मी म्हटलं. टोक धरून त्या पुढे-मागे झाल्या असतील. आणि त्याच वेळी उंबऱ्यावरून कमलचा कण्हण्याचा आवाज आला आणि आई म्हणाली, "चल माय, चल, लागलो आता मोटरीला." पट्टीतून आता पावलांच्या दोन जोड्या आल्या, अडखळत, योग्य दिशेनं.

"उघडलं की दार," आई म्हणाली. "उगा बोंबलत व्हते गडी."

मी वळलो तेव्हा कमल आडवी झाली होती, आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी दार ढकललं. ते हलक्या हातानं लागलं. मी दोरी बांधली. बांधताना मला दिसलं की मोटार दोन्ही बाजूंनी सारखी उभी आहे. आत दोन बाया बसलेल्या असताना.

७

परभणीपर्यंत मी कितीदा मागे वळून पाहिलं ते विचारू नका. फळीला हाताएवढी एक सरकती खिडकी होती, ती मी पूर्ण उघडी ठेवली होती. दाजी म्हणत होते, "रस्त्याकडं बघा मेव्हणे, रस्त्याकडं." मी रस्त्याकडेही बघत होतो आणि कमलकडेही.

मुलगी झाली. रडली. इतक्या जोरात रडली की दाजी बाहेर व्हरांड्यात खाली बसले आणि पागोट्यात तोंड घालून तेही रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. मी ते वाक्य आजही मनात घेऊन चालतो. मोटार वेळेवर पोचली, एवढं एक तरी माझ्या हातून झालं.

निघताना परातीतून उचलून पुढच्या सीटखाली टाकलेला खटका मी दवाखान्यात राहिलो तेवढ्या काळात परत बसवला. दार एका बोटानं उघडायचं, एका बोटानं लागायचं. मी बघत असलो तरी, नसलो तरी. दाजींना म्हणालो, "बघा, सगळा बिजागरीचा खेळ होता. ओढाताणीत जागेवर आली."

"आसंल," ते म्हणाले. त्यांनी मला एकदाही डिवचलं नाही.

रात्री व्हरांड्यात पडल्या पडल्या मात्र ती पावलं मला आठवायची, त्यांची दिशा आठवायची, आणि मी कूस बदलायचो.

८

परतलो तेव्हा सकाळ सरत आली होती. घराला बाहेरून साखळी होती, ती कासाबाईंच्या भरवशावर. कमल बाळाला घेऊन ओट्यावर उभी राहिली. आई भाकरतुकडा ओवाळायला परडी शोधायला गेली. मी आणि दाजी आतल्या खोलीकडे निघालो. घरात बाळंतिणीला ठेवण्यासारखी तीच एक खोली: बिनखिडकीची, वर माळवदात एक झरोका, एकच दार. खाट टाकायची होती, शेगडी ठेवायची होती.

दार लागलेलं होतं.

मी ढकललं. मग जोरानं ढकललं.

"आतनं कडी पडली असंल," दाजी म्हणाले.

"आतनं कडीच न्हाई त्या दाराला," आई मागून म्हणाली. "मागल्या उन्हाळ्यात निखळली. किती येळा म्हनलं बसवा म्हनून."

मी दोन्ही तळवे लाकडावर ठेवले. माझ्या तळव्यांखाली दार मागे रेललं, जरा सैल पडलं, पुन्हा रेललं.

उंबऱ्याशी एक तांब्या होता. शेजारी केळीच्या पानावर भाकरी, वाळून वाकडी झालेली.

"आली का बाळंतीन?" कासाबाई शेळीच्या दाव्याला हिसका देत अंगणातून आल्या. "लक्ष्मी झाली म्हनं! बघू गं, नाक कुनाचं हाय?" मग त्यांनी आम्हाला बघितलं. "अन् दार कामून ढकलायलाव?"

"बसलंय," मी म्हणालो.

"बसलं न्हाई. त्या हायेत की आत."

"कोण?"

"आता नाव कसं इचारू म्या? गोषातल्या बाईला नाव इचारत्यात का? तुज्याच मोटरीतून उतरल्या न्हवं त्या, कमल चढायच्या आदी. पार डोईवरनं पदर. म्या म्हनलं, चंद्रभाननं परभनीची दाई-बिई आनली असंल. अंगनात एवढे गडी, म्हनून म्या म्हनलं, बाई, तुमी सरळ आतल्या खोलीत जाऊन बसा. गेल्या. रोज तांब्या भरून ठेवते. पानी घेत्यात, भाकरीला शिवत न्हाईत. लय अदबीच्या हायेत, आवाज म्हनून न्हाई."

आईच्या हातातली परडी तशीच राहिली. ओट्यावर बाळ कुरकुरलं आणि कमलनं त्याला छातीशी असं दाबलं की ते गप्प झालं.

दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. ते दारापासून एक पाऊल मागे सरले आणि सावकाश भिंतीकडे वळले.

मी वळलो नाही. माझे तळवे दारावरच होते. आतून लाकूड रेलत होतं, सैल पडत होतं, आणि ज्या माणसानं ती मूठ काढली त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा मी जिवापाड प्रयत्न करत होतो. तो येत नव्हता. त्याच्या जागी येत होती ती माझ्याच घराची बाहेरून घातलेली साखळी.

कासाबाईंनी शेळी खांबाला बांधली, खांद्यावरचं जुनं लुगडं झटकलं आणि त्याची दोन टोकं हातात धरून त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापूंना कळतंय, तुला कळना का?" त्या म्हणाल्या. "वळ बाबा तू बी. गडीमानूस असा म्होरं उभा राहून टक लावून बघायला लागल्यावर ती बाई बाहीर यावी कशी?"